पाटणकरांनी तपासलेली शाळा

पाटणकर कुणाच्याही घरी वडे खायला बसले, की ताटातला सगळ्यात खालचा वडा काढायचे. वरची रास कोसळायची. आमची ही म्हणायची, "अहो भाऊजी, वरचे गरम आहेत!" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "वहिनी, वरचा माल दाखवायलाच ठेवलेला असतो."

दुबईजवळच्या जबल अली बंदरातल्या एका गोदामात ते आलेला माल तपासायचे. बायको-मुलगा सांगलीला. स्वतः बर दुबईत, आमच्या शेजारच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत. मला त्यांनी पहिल्याच भेटीत मागूनही नीट पाहून घेतलं होतं. शेरा दिला नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मुलीच्या शाळेच्या पालक समितीचा मी सचिव होतो. निवडणुकीच्या वेळी मी खाली गाडीला पार्किंग शोधत होतो, म्हणून बिनविरोध आलो. ऊद मेथा भागातली ही शाळा एवढीशी, आणि दहावीचा निकाल त्याहून एवढासा. दहावीचा वर्गच खलास करावा, असं अध्यक्षांचं मत. म्हणजे नववीतल्या आमच्या मुग्धाला दुसरी शाळा शोधणं आलं. आणि गुणांच्या बाबतीत ती माझ्यावर गेलेली. शेवटी कुणा त्रयस्थाने शाळा तपासावी असं ठरलं. मी पाटणकरांना नेलं.

दहावीच्या वर्गात मुख्याध्यापिकाबाईंनी हुशार मुलं पुढे उभी केली होती.

"मॅडम, हे वरचे खोके," म्हणत पाटणकर थेट शेवटच्या बाकापाशी गेले. तिथल्या मुलाला एक प्रमेय विचारलं. आलं नाही. दुसरं विचारलं. तेही नाही. मी मनात मुग्धासाठी शाळा शोधायला लागलो.

त्या मुलाशेजारची जागा रिकामी होती.

"इथे कोण बसतं?"

"विनीता, अंकल. शी हॅज चिकनपॉक्स."

मग सगळा वर्गच बोलायला लागला. तिचा अभ्यास कोण उतरवून घेतं, स्कूलबसमधून कोण पोचवतं, पुरळ कुठवर आलंय.

त्या संध्याकाळच्या बैठकीत दहावी वाचली, ती अशी.

पाटणकर म्हणाले, "वर्ग चालू ठेवा."

"कशाच्या जोरावर?" अध्यक्ष तडकले. "गणित तर येत नाही पोरांना!"

"गणित शिकवता येईल, साहेब. मी पूर्वी जबल अलीला कामगारांच्या कॅम्पात राहायचो. तिथे तापाने पडलो. कंपनीची बस रोज माझ्याशिवाय सुटत होती. बरा होऊन बसमध्ये चढलो, तर रोज शेजारी बसणारा म्हणाला, 'नए हो क्या, भाई?'"