नको त्यावर काट

पास्कू अंकलना हॉटेलात नेणं जोखमीचं काम आहे. वेटरनं मेन्यू कार्ड ठेवलं की ते खिशातून पेन्सिल काढतात आणि नको त्या प्रत्येक पदार्थावर आडवी काट मारत सुटतात. शेवटी सुरमई फ्राय तेवढी उरते. वेटर माझ्याकडे बघतो, मी छताकडे. "अरे बाबा, हवं काय ते मानसाला कळत नाय," ते मला समजावतात, "नको काय ते बरोबर कळतं."

ही खोड ओडेसाची. तरुणपणी अंकल बोटीवर कुक होते. सोविएत संघ फुटायच्या काही महिने आधी त्यांची बोट तिथल्या बंदरात दुरुस्तीला अडकली आणि त्यांनी सार्वमत पाहिलं. संघ टिकवायचा का? चिठ्ठीवर 'हो' आणि 'नाही'. नको ते खोडायचं. "बहुतेकांनी 'नाही' खोडलं रे, तरी वर्षाच्या आत फुटला!" हे सांगताना आजही त्यांचा चेहरा पडतो.

वसईतल्या आमच्या दोन्ही बिल्डिंगा त्यांच्या वडिलांच्या वाडीवर उभ्या आहेत. वाटणीवरून अंकलचं आणि धाकट्या भावाचं, विल्सनचं, फाटलं. अंकल 'ए'मध्ये, विल्सन 'बी'मध्ये. विल्सन रिटायर्ड हेडमास्तर, 'बी'चे चेअरमन. नोटिसासुद्धा हिरव्या शाईत लिहिणारे. दोघं समोरासमोर बसत ते फक्त महिन्याच्या पहिल्या रविवारी, चर्चमधल्या मिस्सेनंतर, दोन्ही सोसायट्यांच्या फेडरेशनच्या मीटिंगला. पाण्याच्या पंपावरून कडाकडा भांडत. त्या दिवशी अंकल इस्त्रीचा शर्ट घालत आणि विल्सनला आवडतो तो रव्याचा केक 'सगळ्यांसाठी' आणत.

मग 'बी'वाल्यांनी फेडरेशनमधून बाहेर पडायचं काढलं. अंकल हट्टालाच पेटले. "सार्वमत घ्या!" चिठ्ठ्याही त्यांनीच छापल्या: फेडरेशन टिकवायचं का? हो. नको. नको ते खोडा, असं त्यांनी घसा फोडून सांगितलं. आमच्या लोकांनी मात्र जन्माच्या सवयीनं हव्या त्यावर फुल्या मारल्या. अंकलच्या नियमानं फेडरेशन मोडत होतं, लोकांच्या म्हणण्यानं टिकत होतं. तासभर नुसता गोंधळ. शेवटी 'बी'च्या कमिटीनं सार्वमतच बाद ठरवलं आणि वेगळं व्हायचा ठराव करून टाकला. विल्सन मान खाली घालून निघून गेले.

मला अंकलचा रागच आला होता. साधी फुली मारू दिली असती तर!

हॉलमध्ये आम्ही दोघं चिठ्ठ्या गोळा करत होतो. एवढ्या फुल्यांत एकाच चिठ्ठीवर 'नको' या शब्दावर पट्टी लावून मारलेली सरळ काट होती. हिरवी.

"अंकल, ही तर विल्सन सरांची…"

"गप. गुप्त मतदान हाय." त्यांनी ती चिठ्ठी घडी करून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली. माझा राग कुठच्या कुठे गेला.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ते इस्त्रीच्या शर्टात, केकचा डबा घेऊन जिन्यात भेटले.

"अंकल, आता मीटिंग नसते."

"ठाऊक हाय." ते दोन पायऱ्या उतरले, थांबले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "विल्सनचा मजला कितवा रे?"