गाडी थांबवायची नाही

आखणी करावी तर मीच. आठ महिन्यांच्या लेकीला घेऊन लाल खडकांचे डोंगर बघायला जाणं म्हणजे वेडेपणा, असं सगळे म्हणाले. पण या विषयात माझा अभ्यास दांडगा आहे. चालत्या गाडीत ती ढाराढूर झोपते. गाडी थांबली की भोंगा सुरू. आणि ते खडक मावळतीला जेमतेम पंधरा मिनिटं निखाऱ्यासारखे पेटतात. मला तेवढी पंधरा मिनिटं हवी होती. आठ महिन्यांत मी पाहिलेलं सगळ्यात भव्य दृश्य म्हणजे दोरीवरची दुपटी.

वेळेवर पोचलो. लेक गाढ झोपलेली.

"थांबवू?" नवरा कुजबुजला.

"खबरदार. इथेच, पार्किंगमध्ये चकरा मार. खिडकीतून दिसतंच की सगळं."

दिसत होतं. प्रत्येक चकरेत चार सेकंद डोंगर, मग शौचालयाची लांबलचक भिंत.

"सूनबाई, डोंगर आला की हाक मार गं," मागून सासूबाई म्हणाल्या. "मी वळेपर्यंत भिंतच येते."

तिसऱ्या चकरेला आमच्या मागे एक पांढरी गाडी लागली. पाचव्या चकरेला सहा गाड्या आणि सहलीची एक बस.

"ही मिरवणूक कुणाची रे?" सासूबाईंनी विचारलं.

"आपलीच, आई."

नवव्या चकरेला आमचं नाक बसच्या शेपटाला टेकलं. वर्तुळ पूर्ण! कुणालाच हलता येईना. आम्ही नेमके भिंतीसमोर. शिट्ट्या, हॉर्न, आरडाओरडा. गार्ड धावत आला आणि त्याने इंजिन बंद करायला लावलं.

आम्ही तिघांनी श्वास रोखले.

लेकीने ओठ चोखले, कूस बदलली आणि घोरू लागली. भिंतीवरून परतलेला लाल उजेड तिच्या गालावर पसरला होता. सूर्यास्त मी तेवढाच पाहिला, पण अगदी जवळून.

कोंडी सुटली तेव्हा डोंगर विझलेल्या शेगडीसारखा दिसत होता. पांढऱ्या गाडीवाले काका खिडकीशी आले.

"ताई, वर जायचा रस्ता नेमका कुठून आहे? तुम्ही इतक्या खात्रीने चालला होतात, म्हटलं यांना माहीत असणार."

मी शांतपणे नवऱ्याकडे बोट दाखवलं.