वादी ढिली पडली आहे

ॲडव्होकेट महेंद्र शेलार आठ महिने तबला शिकत होते आणि ही गोष्ट त्यांनी अख्ख्या शहापुरापासून लपवून ठेवली होती. रविवारी वकील मंडळींच्या स्नेहसंमेलनात ते पहिल्यांदाच साथीला बसणार, आणि नेमकी गुरुवारी तबल्याची वादी ढिली पडली. वादी म्हणजे तबल्याला आवळून धरणारी कातडी पट्टी. कोर्टात दावा लावणाऱ्यालाही वादीच म्हणतात, हे वीस वर्षं वकिली करूनही त्या घटकेला त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांनी कारकुनासाठी चिठ्ठी लिहिली, कापडात बांधलेल्या तबल्यावर ठेवली आणि ते उंबरमाळीकडे सासुरवाडीला निघून गेले. तिथे फोनला रेंज नसते. शेलारांना सासुरवाडी आवडते ती त्यासाठीच.

सकाळी हेमंतने ऑफिस उघडून पंखा लावला. चिठ्ठी उडाली आणि टेबलावरच्या एका फायलीवर जाऊन बसली. फाइल होती धोंडाबाई निमसे यांची. शेताच्या बांधावरून त्यांनी सख्ख्या दिरावर, म्हणजे काळू निमसेवर, अकरा वर्षांपूर्वी दावा लावला होता. हेमंतने चिठ्ठी वाचली.

'हेमंत, वादी ढिली पडली आहे. हातोडीने ठोकून घट्ट करून घे. फार जोरात नको, शाई जप. तुटली तर नवी घालू. रविवारच्या आत. कुणाला बोलू नको.'

हेमंत कारकुनीत नवा होता. याआधी त्याच्या दोन नोकऱ्या गेल्या होत्या, दोन्ही वेळा 'सांगितलेलं कळत नाही' म्हणून. इथे तीन महिने बघू, असं साहेब म्हणाले होते आणि त्यातला शेवटचा आठवडा चालू होता. या खेपेला सांगितलेलं कळलंच पाहिजे, असं त्याने ठरवलं. वादी धोंडाबाई. ती ढिली पडली, म्हणजे तडजोडीला निघाली. हातोडीने ठोकणं म्हणजे वकिली भाषेत ठासून समज देणं. आणि शाई जप म्हणजे अंगठ्याची शाई सोबत ने. त्याने शाईचा पॅड खिशात घातला आणि बाइकला किक मारली.

सापगावच्या पुढे धोंडाबाईचं घर. म्हातारी अंगणात कडवे वाल सोलत बसली होती. शेजारी नात श्वेता मोबाइलवर काहीतरी बघत होती.

"मावशी, तुमी ढिल्या पडल्या काय?" हेमंतने थेट मुद्द्याला हात घातला.

"कोन बोलला?" धोंडाबाईच्या हातातला वाल खाली पडला.

"साहेबांनी लिहून दिलंय."

"श्वेता, वाच गो!"

श्वेताने चिठ्ठी खणखणीत आवाजात वाचली. 'हातोडीने ठोकून' इथवर आली तेव्हा धोंडाबाई उठून उभी राहिली होती. 'तुटली तर नवी घालू' ऐकल्यावर तिने सूप आपटलं.

"मना हातोडीनं ठोकतोस? मी तुटली तर नवी म्हातारी आननार काय तुजा वकील? अकरा वरसं त्याच्या हापिसाच्या पायऱ्या झिजवल्या मी!"

"मावशी, फार जोरात नको असं लिहिलंय त्यात," हेमंतने समजूत काढली.

हे ऐकून धोंडाबाईने असा टाहो फोडला, की बांधापलीकडे गवत कापणारा काळू ताठ झाला. अकरा वर्षांत त्याने हा बांध ओलांडला नव्हता. आज तो विळ्यासकट उडी मारून आला.

"वयनीला हात लावून बघ रे! कोन हायस तू?"

"मी... मी त्यांच्याच बाजूचा," हेमंत बाइकच्या आड सरकत म्हणाला.

"तिच्या बाजूचा आनि हातोडी आनतोस? आन ती चिठ्ठी इकडं!"

काळूने चिठ्ठी घेतली. एकदा वाचली, दुसऱ्यांदा वाचली. मग विळा खाली ठेवला आणि तो पोट धरून हसायला लागला. गावच्या भजनात पंचवीस वर्षं तबला वाजवणारा तोच होता.

"वयनी, ही तू नाय गो! ही तबल्याची वादी! हातोडीनं बाजूचे लाकडी गट्टे ठोकायचे, म्हंजे वादी आवळते. नि शाई म्हंजे तबल्यावरचा काला टिक्का, त्याला धक्का नाय लागला पायजे. वकील तबला वाजवतो काय रे?"

"ऑफिसात एक गाठोडं आहे खरं," हेमंत पुटपुटला.

"मंग जा, घेऊन ये. मी करतो नीट."

हेमंत तबला घेऊन परत आला, तेव्हा काळू वहिनीच्या ओट्यावर कोरा चहा पीत बसला होता. धोंडाबाई डोळे पुसत होती.

"मेला विला घेऊन धावला माज्यासाठी," ती हेमंतला म्हणाली. "अकरा वरसं ज्याला श्याप दिले, तोच धावला. वकील नाय धावला. मना नको तो दावा. कुठं करायचा अंगठा, सांग."

हेमंतला दावा मागे घेण्याचा अर्ज लिहिता येत होता आणि शाई खिशात होती.

शनिवारी शेलार परतले. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "वादी घट्ट झाली का रे?"

"झाली साहेब. पण..." हेमंतने खिशातून अर्ज काढला. "दुसरी सुटली." आणि त्याने सगळं सांगून अर्ज पुढे केला.

शेलारांनी अर्ज वाचून टेबलावर ठेवला. हेमंतने मनातल्या मनात तिसरी नोकरीही सोडली. साहेबांनी तबल्यावर बोट मारलं. टणकन स्वर उमटला.

"अकरा वर्षं," ते म्हणाले. "दर तारखेला म्हातारीला काय तोंड दाखवावं, हेच कळायचं नाही मला. सुटलो रे बाबा! सोमवारपासून नीट वेळेवर ये."

हेमंतला एकदम इतकं हलकं वाटलं, की तो साहेबांच्याच खुर्चीत बसला.

पुढच्या तारखेला कोर्टात पुकारा झाला, "वादी हजर आहे का?"

धोंडाबाई पदर सावरून उठायच्या आतच मागच्या बाकावरून काळू ओरडला, "हजर हाय साहेब! पन ढिली पडलीय!"