दोन कंपन्या आणि काकांचे कान

"आता शेजारच्या घरात पाल चुकचुकली तरी मला इथं कळतं!" जिन्यात भेटेल त्याला काका कान पुढे करून दाखवत. जन्म गेला छापखान्यात. तिथल्या धडधडाटानं कान नेले, ते या चिमुकल्या मशीननं परत आणले. मशीन एका कंपनीचं, चालायचं दुसऱ्या कंपनीच्या फोनवरून. दोन्ही कंपन्यांची गट्टी होती तोवर सगळं झकास!

खरं सुख झालं ते काकूंना. इतकी वर्षं त्या नवऱ्याशी बोलायच्या म्हणजे अख्ख्या इमारतीशी बोलायच्या. "अहो, पोट साफ झालं का?" हे चौथ्या मजल्यालाही कळायचं! त्यामुळे मनातलं बरंचसं त्यांनी गिळूनच टाकलं होतं. काकांनी "काय म्हणालीस?" विचारलं, की "काही नाही" म्हणून मोकळ्या व्हायच्या. आता मात्र रोज संध्याकाळी गॅलरीत दोन खुर्च्या मांडल्या जात आणि काकू हळू आवाजात बोलत. एकदा म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. आज धीर होत नाही, उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या कानात एक गोड बाई म्हणाली, "क्षमस्व! हा फोन आता आमच्या सेवेत नाही." त्यानंतर चिडीचूप! फोनच्या पडद्यावर कुणाचं चिन्ह वर असावं, यावरून दोन्ही कंपन्या कोर्टात गेल्या होत्या.

तक्रार करायची तर फक्त फोनवरून! म्हणजे ज्याला ऐकू येत नाही त्यानं, ऐकू येत नाही हे फोनवर सांगायचं! कुठल्या दीडशहाण्याच्या डोक्यातून निघालं असेल हे! शेवटी फोन काकूंनीच घेतला.

"मॅडम, मशीनचा नंबर काय आहे?"

"अहोऽऽ! नंबर सांगा!" काकू किंचाळल्या.

"मॅडम, माझ्यावर ओरडू नका."

"तुमच्यावर नाही हो, मी नवऱ्यावर ओरडतेय!"

"घरगुती भांडणात कंपनी पडत नाही." फोन बंद!

"आणि तुमच्या भांडणात आम्हाला का पाडता रे मेल्यांनो!" काकू बंद फोनवर कडाडल्या. दुसऱ्या कंपनीनं नम्रपणे पहिलीकडे बोट दाखवलं. दुकानदारानं कागदावर लिहून दिलं, 'नवा फोन घ्या.' घेतला. तर नवा फोन म्हणे, मशीन जुनं झालं!

पुढे एक दिवस पेपरात फोटो आला. दोन्ही मालक गळ्यात गळे घालून हसत होते. ग्राहकांच्या हितासाठी समेट झाला होता! जुनी मशीनं तेवढी त्यातून वगळली होती. काकांनी फोटो उजेडात धरून नीट न्याहाळला. छपाई मात्र सुबक होती.

त्या संध्याकाळी गॅलरीत काकूंचे ओठ हलले. काका पुढे वाकले.

"काय म्हणालीस? ते राहिलेलं सांगत होतीस का?"

काकूंनी छाती भरून श्वास घेतला. ओरडायला तोंड उघडलं. शेजारच्या गॅलरीत कुणी कपडे वाळत घालत होतं, खाली चार जण गप्पा मारत उभे होते. काकूंनी श्वास सोडून दिला. ओठ पुन्हा हलले, दोनच शब्दांपुरते.

ते दोन शब्द कळायला काकांना मशीन कधीच लागलं नव्हतं.

"काही नाही."