ही नळी तुम्हाला ओळखत नाही

आमच्या डॉक्टरांच्या बायकोला परब सिस्टर नऊ वर्षं ओळखत होत्या. तरी मॅडम केसांच्या ट्रीटमेंटला खुर्चीत बसल्या की सिस्टर पेन सरसावून विचारणार, "पूर्ण नाव? जन्मतारीख?"

"अहो परब, दरवर्षी फराळ पाठवते मी तुम्हाला!"

"मी ओळखते हो मॅडम. ही नळी तुम्हाला ओळखत नाही."

मुलुंडच्या त्या स्किन क्लिनिकमध्ये मी ज्युनिअर नर्स. पीआरपी मला सिस्टरांनीच शिकवलं. पेशंटचंच रक्त काढायचं, मशीनमध्ये गरगर फिरवायचं आणि वर येणारा पिवळसर भाग त्याच्याच डोक्यात नाहीतर चेहऱ्यावर टोचायचा. "ज्याचं त्यालाच!" हे त्यांचं पालुपद. सीलबंद किट पेशंटच्या नाकासमोर फोडायच्या. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे इतक्यांदा विचारायच्या की एक लग्नाळू टकल्या वैतागला. "सिस्टर, बायकोपण एवढं विचारणार नाही."

"ती मिळेपर्यंत मी आहे ना," सिस्टर म्हणाल्या.

मशीनचा तोल राहायला समोरासमोर दोन नळ्या लागतात. सिस्टर दुसरी नळी पाण्याची ठेवायच्या. एका वेळी एकच माणूस. डॉक्टर चरफडायचे, सिस्टर ढिम्म.

एका शनिवारी बाहेर बसायला जागा नव्हती. सिस्टर डबा खायला गेल्या आणि डॉक्टर मला म्हणाले, "या दोघी पेशंटचं रक्त एकदमच फिरव. लेबल नंतर लाव." मी फिरवलं. झाकण उघडलं तर दोन्ही नळ्या सारख्याच. कुठली कोणाची, मला सांगता येईना.

सिस्टर आल्या. नळ्या पाहिल्या, मला पाहिलं, आणि दोन्ही उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. मग बाहेर जाऊन दोघींना म्हणाल्या, "चूक झाली. तुमचं रक्त वाया गेलं. पण एकीचं दुसरीच्या अंगात गेलं नाही."

त्यातल्या एकीचं लग्न तोंडावर होतं. तिनं क्लिनिक डोक्यावर घेतलं. डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "सॉरी हां. सिस्टरचं वय झालंय, घोळ घालतात."

सिस्टरांनी कचऱ्याच्या डब्याचं झाकण लावलं. मी हातातले ग्लोव्हज काढत राहिले. सोमवारपासून त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं.

आठवड्यानं मी त्यांच्याकडे गेले. एकट्याच राहतात, हे मला तिथे गेल्यावर कळलं. दार उघडून बोलायला गेल्या तर आवाज फुटेना. खाकरून हसल्या. "चार दिवसांनी तोंड उघडतंय गो."

चहा ठेवता ठेवता विचारलं, "दुसऱ्या दिवशी पेशंटला फोन करतेस ना? सूज, ताप?" हे फोन त्या रोज संध्याकाळी घरून करायच्या. मला तो कामाचा अतिरेक वाटायचा.

"त्या घाटकोपरच्या आजी तर अर्धा अर्धा तास सोडायच्या नाहीत," त्या म्हणाल्या. "बऱ्या आहेत ना?"

"हो," मी म्हटलं. मी कुणालाच फोन केला नव्हता. क्लिनिकमध्ये आता रोज दोन-दोन नळ्या एकदम फिरतात. फिरवते मीच.

दोन कप झाल्यावर मी पर्स उचलली. "बस गो, कुठे पळतेस?" म्हणत त्यांनी पुन्हा आधण ठेवलं.

मी बसले. माफी मागायला आले होते. तेवढं सोडून सगळं बोलले.