दारात अप्पा

अप्पा सायकलवरून गल्लीत शिरले की बायका पोरांना आत ओढून घेत आणि दारं लोटत. अप्पा कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण ते आमच्या मिलचे वेल्फेअर ऑफिसर होते, आणि कामगार वारला की त्याच्या अंगावर घालायला मिलतर्फे चादर देण्याची पद्धत होती. ती चादर घेऊन अप्पा स्वतः जात. त्यामुळे कॅरिअरला गाठोडं बांधलेली त्यांची सायकल दिसली की माणसं मनातल्या मनात आपल्या घरातली माणसं मोजू लागत.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापूर तेव्हा मिलच्या भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. आमच्या मालकांना दानधर्माची मोठी हौस. देवळाला सभामंडप दे, कुस्त्यांना गदा दे, असं चाललेलं असे. दुष्काळात होटगीकडच्या गावांना त्यांनी पाण्याचा टँकर पाठवला, तर त्यावर मिलचं नाव एवढं मोठं रंगवलं होतं की तोटी शोधावी लागे. हा सगळा कारभार वेल्फेअर खात्याचा. खातं म्हणजे अप्पा, आणि त्यांच्या हाताखाली कारकून म्हणून मी.

अप्पांचं पूर्ण नाव सिद्रामप्पा. काटक अंग, काळी टोपी आणि बारा महिने गळाबंद कोट. सोलापूरच्या उन्हात तो कोट बघूनच मला घाम फुटे. घरची भाषा कानडी, बाहेर सोलापुरी मराठी. "कंपनी हाय पाठीशी, हौदल्ला?" हे त्यांचं पालुपद. हौदल्ला म्हणजे हो की नाही. कुणाचं बोट मशीनमध्ये जावो की कुणाला टीबी होवो, अप्पा हेच म्हणत. कंपनी पाठीशी होती की नाही देव जाणे, अप्पा मात्र असत.

चादरीच्या बाबतीत ते फार चिकित्सक. गोडाऊनचा माणूस या कामासाठी मुद्दाम डागी चादरी बाजूला काढून ठेवी. अप्पा प्रत्येक चादर दारातल्या उजेडात उलटसुलट करून बघत आणि तुटका धागा दिसला की परत त्याच्या अंगावर टाकत. "मेलेला माणूस तक्रार करत न्हाई म्हणून डागी माल द्यायचा व्हय त्याला?" असं ते एकदा इतक्या शांतपणे म्हणाले की गोडाऊनवाल्यानं निमूटपणे चादरींचा नवा गठ्ठा सोडला. कोपऱ्यात विणलेलं मिलचं नाव फोटोत दिसलं पाहिजे, असा वरून हुकूम होता. अप्पा ते नाव नेमकं प्रेताच्या पायाखाली दडपत आणि मालकांना सांगत, रडारडीत लक्ष राहिलं नाही.

आपल्या नावाचा धसका लोकांनी घेतलाय हे त्यांना कळत होतं. तो घालवायला त्यांनी आजाऱ्यांना भेटायला जायचं ठरवलं. एका विणकराचा पाय मोडला होता. अप्पा मोसंबी घेऊन दवाखान्यात गेले. त्यांना वॉर्डाच्या दारात बघताच विणकराच्या बायकोनं हंबरडा फोडला. शेजारच्या खाटांवरच्या बायका तिला धरायला धावल्या. नवरा बिचारा प्लास्टरचा पाय हवेत धरून, मी जिवंत आहे, असं सगळ्यांना सांगत होता. दुसऱ्याच दिवशी तो डिस्चार्ज घेऊन, काठी टेकत कामावर हजर झाला. मालकांनी अप्पांच्या या उपक्रमाचं कौतुक केलं. अप्पांनी तो त्याच दिवशी बंद केला.

अप्पांची बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. नवी पेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर ते एकटे राहत. एकदा चहा पिताना एकदम म्हणाले, "मिलमधल्या सगळ्यांची घरं मला ठाव हायत. कुणाची चूल कुटं, देव्हारा कुटं, समदं. पण लग्नाला, बारशाला मला कुणी बोलवत न्हाई. एकदा तरी एखाद्या घरात हसत जावं म्हणतो."

मी चहाचा कप उगाच फिरवत बसलो.

मग त्यांनी मालकांकडे धोशा लावला. मेल्यावर चादर देतो, तसं जन्मल्यावर दुपटं द्यावं. मालक म्हणाले, मरणारे थोडे असतात, जन्मणाऱ्यांना सुमार नाही. शिवाय सरकार कुटुंबनियोजनाच्या मागं लागलंय आणि आपण मुलांना बक्षिसं वाटायची? अप्पांनी लगेच मध्यममार्ग काढला, फक्त पहिल्या मुलाला द्यायचं. त्यावर मालक खूश झाले. सरकारचंही काम, आपलंही नाव. मंजुरी मिळायला वर्ष गेलं, पण मिळाली.

पहिलं दुपटं अंबादासच्या मुलाला द्यायचं ठरलं. अंबादास विणाई खात्यातला तरुण कामगार. अप्पांसारखा साहेब स्वतः येतो म्हटल्यावर तो नाही कसं म्हणणार? मान खाली घालून "या की" म्हणाला. अप्पांनी दुपट्याचा रंग स्वतः निवडला, पिवळा. बारशाच्या दिवशी कोट धुवून इस्त्री केलेला, सायकल पुसलेली. वाटेत ते मला विचारत होते, बाळाला उचलून घेताना मान कशी धरायची.

आम्ही गल्लीत शिरलो आणि नळावरच्या बायका गप्प झाल्या. एकीनं हातातली घागर तशीच सोडली आणि विचारलं, कोण गेलं? कुणी नाही, बारशाला आलोय, असं मी ओरडून सांगेपर्यंत तीन दारं लागली होती. अंबादासची आई धावत बाहेर आली. गाठोडं बघताच दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी हात लावून ती उभी राहिली.

"साहेब, तुमी देवमानूस हायसा," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याच्या येळंला तुमीच आला हुता, मी इसरली न्हाई. पन आज आत येऊ नगा. पोराच्या नावाचा आज पहिला दिस हाय."

तिच्या मागं अंबादास उभा होता. त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. अप्पांनी गाठोडं सोडलं, दुपटं झटकलं, उजेडात धरून एकदा पाहिलं आणि माझ्या हातात दिलं.

"तू जा. कंपनीचंच हाय, हात कुणाचा का असंना."

मी आत जाऊन दुपटं पाळण्यात ठेवलं आणि लगेच बाहेर आलो. पाळणा म्हणायला जमलेल्या बायका माझ्या जाण्याची वाटच बघत होत्या. अप्पा गल्लीच्या तोंडाशी सायकल धरून उभे होते. आम्ही चालू लागलो. मला म्हातारीचा राग आला होता आणि तिचं काही चुकलं नाही हेही कळत होतं. मोठा रस्ता लागला तरी अप्पा सायकलवर बसले नाहीत.

"तू बघितलास ना? कसा हाय?" त्यांनी विचारलं.

"झोपला होता. मुठी आवळून."

"जावळ हाय का?"

"भरपूर. काळंभोर."

अप्पा हसले. बराच वेळ तसेच हसत चालले. मग म्हणाले, "नाव काय ठेवलं?"

ते काही मला ठाऊक नव्हतं. नाव ठेवायच्या आधीच आम्ही निघालो होतो. मी म्हणालो, उद्या अंबादास कामावर येईल तेव्हा तुम्हीच विचारा की त्याला.

"नगं," अप्पा म्हणाले. "तूच इचार. मी बोलावलं तर घाबरंल बिचारा."