खाली दाबायचं हँडल

आमचे शेजारी वैरागडे काका मोटारीचा सुटा भाग विकत घेण्याआधी तो कानाशी धरून रुपयाच्या नाण्यानं वाजवत. डोळे मिटून ऐकत. मग खिशातला खडू काढून त्यावर बरोबरची खूण करत किंवा फुली मारत. माल अजून दुकानदाराचा आहे, याचं त्यांना काही नसे. जबलपूरच्या जुन्या सामानाच्या गल्लीत काका दिसले की निम्मे दुकानदार चांगला माल पुढे मांडत आणि उरलेले जेवायला निघून जात.

शहरातल्याच रांझी भागातल्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं तपासणी विभागात काढली होती. समोर येईल ते पास करायचं किंवा रिजेक्ट करायचं. निवृत्त झाले तरी खडू सुटला नाही. आमच्याकडे चहा प्यायले की कप खाली ठेवून म्हणत, "पास." माझ्या बायकोला आधी याचा राग यायचा. मग एकदा ते "रिजेक्ट" म्हणाले, आणि तिला पासची किंमत कळली.

त्यांच्याकडे दुधी रंगाची एक जुनी मोटार होती. ते मॉडेल निघायचं बंद होऊन जमाना झाला होता. तिच्यासाठी काकांचा एकच कायदा होता: थांबवणारं नवं, चालवणारं जुनं. म्हणजे ब्रेकचं सामान आणि टायर कोरे करकरीत, बाकी डायनमोपासून रेडिएटरपर्यंत सगळं कुणाच्या तरी मोडीत निघालेल्या गाडीतलं.

"काका, काहून नवीन नाही घेत?" मी एकदा विचारलं.

"अरे, नवं काय करीन, कोणाले माहीत? जुन्यानं वीस वर्षं काम करून दाखवलं आहे."

रेल्वेच्या कचेरीत मीही याच हिशेबानं टिकून होतो.

मग एका हिवाळ्यात डाव्या दाराचं आतलं हँडल काकूंच्या हातात तुटून आलं. ती काकूंची जागा. दर सोमवारी दोघं मोटारीनं ग्वारीघाटावर नर्मदेच्या दर्शनाला जात. हँडल तुटल्यावर काका फिरून येऊन बाहेरून दार उघडून देऊ लागले, आणि महिन्याभरात काकूंनी घाटावर जाणंच सोडलं. गुडघे दुखतात म्हणाल्या. काका मात्र गल्लीतून रोज रिकाम्या हातानं परत येत. दुकानात नवं हँडल मिळत होतं, पण हा माणूस दहा महिने जुनं शोधत होता. चिक्कूपणाचा कळस, असं मी घरी म्हणालोही.

शेवटी मला राहवेना. नागपूरला गेलो तेव्हा त्या गाडीला बसेल असं चकचकीत नवं हँडल घेऊन आलो आणि काकांच्या हातात ठेवलं. त्यांनी वाजवलंसुद्धा नाही. डोळे मिटून हलवून पाहिलं.

"हे वर उचलायचं आहे. आमचं खाली दाबायचं होतं," म्हणाले, आणि माझ्या हँडलवर फुली मारली.

"दार उघडतं ना, काका? मग वर काय अन् खाली काय?"

"रिजेक्ट."

मी चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही. पाचव्या दिवशी सकाळी ते दारात उभे. "सुधाकर, सिहोऱ्याले जाऊन राहिलो. तशीच गाडी आहे म्हणते एकाकडे. चाल." नाही म्हणायचं मी पक्कं ठरवलं होतं, पण तोवर पायात चपला घातल्या गेल्या होत्या.

सिहोऱ्यात एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या अंगणात ती मोटार विटांवर उभी होती. चाकं नव्हती, आत कोंबड्या होत्या. काकांनी डाव्या सीटवरची कोंबडी उठवली, स्वतः बसले, दार लावलं आणि डोळे मिटले. मग चाचपत हात पुढे नेला आणि हँडल दाबलं. खट्. दार उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा डोळे मिटले, पुन्हा खट्. असं सात-आठ वेळा झालं.

व्यापारी माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "भैया, बाबूजी की तबीयत तो ठीक है?"

मी काकांजवळ गेलो. "डोळे काहून मिटता, काका?"

"तुझ्या काकूले तसंच उघडावं लागते," ते हँडलवरचा हात न काढता म्हणाले. "दिसून नाही राहिलं तिले. अंधुक अंधुक होत चाललं. कोणाले सांगायचं नाही म्हणते. या गाडीत पंचवीस वर्षं बसली, हाताले सारं पाठ आहे. मी दार उघडून द्याले लागलो, तर म्हणे, मले उतरवून घ्यावं लागते तर मी घरीच बरी."

"नव्याचीही सवय झाली असती."

"झाली असती. पण तोवर चाचपडली असती, अन् घाटावरचे लोक पाहत राहिले असते."

मला माझीच लाज वाटली. मी मुकाट्यानं स्क्रू काढायला बसलो.

पुढच्या सोमवारी काकांनी मलाही घाटावर नेलं. गाडी थांबली. काका उतरून चार पावलं पुढे गेले आणि हात मागे बांधून, नदीकडे तोंड करून उभे राहिले. बोटांत खडू होता, तो सारखा फिरत होता. मी मागच्या सीटवर खिडकीबाहेर बघतोय असं दाखवत होतो. काकूंचा हात सीटवरून दाराकडे सरकला आणि अडखळला. एक क्षण मला वाटलं, संपलं. मग हाताला हँडल सापडलं.

खट्.

काकू उतरल्या, पदर सारखा केला आणि धाडकन दार लावलं. आसपासच्या कुणी वळूनही पाहिलं नाही.

"कोंबडीचा वास येऊन राहिला हँडलाले," काकू म्हणाल्या.

"दोनदा धुतलं ना जी," काका नदीकडे तोंड करूनच म्हणाले.

"बरं, आता सांगा तरी. पास का रिजेक्ट?"

काकांनी खडू खिशात टाकला, चष्मा काढला आणि धोतराच्या टोकानं बराच वेळ पुसत राहिले. काकू तोवर एकट्याच पायऱ्यांकडे निघाल्या होत्या.